जुन्या डॅटसनच्या फिल्टरचा डबा काढून टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात जुन्या जपानी स्पोर्ट्स कूपे गाड्या जपणाऱ्या तरुणांविषयी लेख आला होता. तो मी आनंदाने वाचला. या गाड्यांविषयी मराठीत कोणी आस्थेने लिहावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. मात्र कारखान्यातून आलेला एअर क्लीनरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा काढून त्या जागी उघडे फिल्टर बसवले की इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि गाडीची ताकद वाढते, असे त्या लेखात सरसकट म्हटले आहे. नागपुरातील एखाद्या मुलाने त्यावर विसंबून आपल्या गाडीचा डबा भंगारात दिला, तर पैसे खर्चून तो गाडीची ताकद घटवेल आणि इंजिनाचे आयुष्यही कमी करील. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे, परंतु विषय दोन ओळींत उरकण्याजोगा नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक शाखेचा शिल्प निदेशक म्हणून मी सेवेची बहुतेक वर्षे काढली. धंतोलीतील एका कुटुंबाकडे १९७३ सालची डॅटसन २४०झेड आहे. ते कुटुंब पूर्व आफ्रिकेतून परतले तेव्हा ही उजव्या स्टिअरिंगची गाडी सोबत आली आणि पुढे अनेक वर्षे पत्र्याच्या शेडखाली झाकून उभी राहिली. त्या घरातला नातू माझा विद्यार्थी. त्याने गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचे मनावर घेतले आणि ती एका वर्कशॉपमध्ये दिली. तिथे मूळ डबा काढून दोन्ही कार्ब्युरेटरांच्या तोंडावर दोन चपटे गोल उघडे फिल्टर चढवण्यात आले. गेल्या वर्षी मे महिन्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आवाज तर फार छान येतो, पण दुपारी सिग्नलला थांबलो की गाडी मरते, आणि पुन्हा लवकर सुरूच होत नाही." सकाळी सहाला हीच गाडी निर्दोष चाले. सकाळ आणि दुपार यांतल्या या फरकातच सगळ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले होते.

ही गाडी काय आहे हे आधी सांगितले पाहिजे. निसानने १९६९ साली जपानमध्ये ती फेअरलेडी झेड या नावाने आणली आणि परदेशात ती डॅटसन २४०झेड म्हणून विकली. तिच्यातील एल २४ हे इंजिन एका रांगेत सहा सिलिंडरांचे, २३९३ सीसीचे. बोअर ८३ मिलिमीटर, स्ट्रोक ७३.७ मिलिमीटर आणि त्या काळच्या मोजणीप्रमाणे जाहीर केलेली ताकद १५१ अश्वशक्ती. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करण्यासाठी एसयू पद्धतीचे दोन हिताची कार्ब्युरेटर आडवे बसवलेले असतात आणि दोघांच्या तोंडावर मिळून एकच लांबट डबा येतो. त्या डब्यात कागदी फिल्टर असतो आणि एका नळकांड्यातून बाहेरची हवा आत घेतली जाते. काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो तो हाच डबा.

या इंजिनाच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे, की ती ज्याने पाहिली नाही त्याने फिल्टरविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ इंजिनांत हवा एका बाजूने आत जाते आणि जळालेला वायू समोरच्या बाजूने बाहेर पडतो. एल मालिकेच्या इंजिनात तसे नाही. इथे हवा आत घेणारा मॅनिफोल्ड (नळ्यांचा जोड) आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड हे दोन्ही इंजिनाच्या डाव्या अंगाला, एकावर एक आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अगदी वर बसतात, जणू चुलीवर ठेवलेले भांडेच. मूळ डबा असला की त्याच्या पत्र्याची भिंत आणि पुढे वळवलेले नळकांडे यांच्यामुळे चुलीवरची हवा थेट तोंडात जात नाही. डबा काढून उघडा फिल्टर लावला की इंजिन त्या बिडावरून वर येणारी हवाच ओढू लागते.

नागपूरकरांना हे समजावून सांगायला यंत्रशास्त्राची गरज नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात कुलर असतो, आणि तो खिडकीबाहेर लावायचा असतो हे शाळकरी पोरालाही माहीत असते. तोच कुलर दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीच्या मध्यभागी ठेवला, तर पंखा तेवढाच मोठा, वाळ्याच्या ताट्या तेवढ्याच ओल्या आणि आवाजही तेवढाच, पण तासाभरात खोलीत घुसमट होते, कारण तो खोलीतली दमट हवाच फिरवत राहतो. बॉनेटखाली लावलेला उघडा फिल्टर हा खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कुलर आहे. त्याचे जाळे कितीही मोकळे असले, तरी त्याला मिळणारी हवा कुठली आहे हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण हिशेबाशिवाय ही चर्चा आवडीनिवडीची होऊन बसते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. २३९३ सीसीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असताना पूर्ण भरले, तर सुमारे ७१८० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात ते पूर्ण भरत नाही. ८० ते ८५ टक्के धरले तर मिनिटाला सुमारे ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा होते. इंजिन हवा घेते ती आकारमानाने, पण ताकद मिळते ती हवेच्या वजनावर, कारण पेट्रोल जाळणारा ऑक्सिजन वजनाच्या प्रमाणात असतो. बाहेर ४५ अंश तापमान असताना तीच हवा बॉनेटखाली ७५ अंशांना पोचली, तर निरपेक्ष तापमानाच्या हिशेबाने (अंशांत २७३ मिळवून) ३१८ भागिले ३४८, म्हणजे तेवढ्याच लिटर हवेचे वजन साधारण साडेआठ टक्क्यांनी कमी भरते. ताकद नेमकी त्याच प्रमाणात घटत नाही, कारण सिलिंडरपर्यंत पोचताना थंड हवाही वाटेत थोडी तापतेच. तरी निम्मा परिणाम धरला तर चार टक्के आणि १५१ अश्वशक्तीतून सहा अश्वशक्ती गेल्या. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने हवेच्या दाबात तीन-साडेतीन टक्क्यांची घट आपल्याला अशीही सोसावी लागते. तिच्यावर काही इलाज नाही. तापमानावर मात्र आहे.

याच्या विरुद्ध बाजूला, फिल्टर मोकळा केल्याने जास्तीत जास्त किती मिळू शकते? याचे उत्तर मोजून काढता येते आणि ते मोजायला पन्नास रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही. घर बांधताना लेव्हल काढण्यासाठी गवंडी जी पारदर्शक नळी वापरतात, ती यू आकारात वाकवून पाटीवर बांधायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचे, एक टोक फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ हवेच्या बाजूला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात १०० मिलिमीटरचा फरक पडला, तर त्या फिल्टरने आणि डब्याने मिळून सुमारे एक टक्का दाब खाल्ला, असा अर्थ होतो. त्याहून अधिक काही तो फिल्टर काढून मिळणार नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. त्या २४०झेडवर आम्ही बाह्य वळण रस्त्यावर पहाटे, रस्ता रिकामा असताना, तिसऱ्या गियरमध्ये ही चाचणी घेतली. मूळ डबा (तो पुढे सापडला) परत बसवून त्यात नवा कागदी फिल्टर असताना पाण्यातला फरक चार बोटे आला, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आतबाहेर. नंतर त्याच डब्यात वर्षानुवर्षे न बदललेला, धुळीने काळा पडलेला जुना फिल्टर घालून पाहिले, तेव्हा फरक चांगला वीतभर आला. मुलाच्या तेव्हा लक्षात आले, की केवळ स्वच्छ कागदी फिल्टर घातल्याने जे मिळत होते, ते उघड्या फिल्टरांच्या महागड्या संचातून मिळू शकणाऱ्यापेक्षा अधिक होते.

तापमानही आम्ही मोजले होते, तेव्हा उघडे फिल्टर अजून गाडीवर होते. मोजमापाच्या बाबतीत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो, की साधन आधी तपासा. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती आणि देशभर बातम्या झळकल्या होत्या. नंतर हवामान खात्याने तो संवेदकातील दोष असल्याचे स्पष्ट केले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. म्हणून तापमापकाची तार आम्ही आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून पाहिली आणि त्यानंतरच ती फिल्टरच्या तोंडाशी बांधली. वर्धा रोडवर गाडी वेगात असताना आतली आणि बाहेरची हवा यांत फरक थोडा राही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. वेगात असताना पुढून येणारी हवा बॉनेटखालची उष्णता वाहून नेते. परंतु सीताबर्डीच्या गर्दीत दहा मिनिटे थांबत थांबत गेलो, तेव्हा आकडा चढत चढत सत्तरीच्या पुढे गेला. शहरात राहणारी गाडी बहुतांश काळ याच स्थितीत असते.

दुपारी गाडी मरण्याचे कारणही यातच होते. तापलेल्या कार्ब्युरेटरच्या तळातले पेट्रोल उकळू लागते, त्याची वाफ होऊन मिश्रण बिघडते आणि इंजिन बंद केल्यावर तर उष्णता वर चढून ते आणखी उकळते. मग दहा-पंधरा मिनिटे गाडी सुरू होत नाही. उष्ण हवामानात या गाडीची ही जुनी तक्रार आहे. उघड्या फिल्टरांनी ती निर्माण केली असे मी म्हणत नाही, पण आधीच काठावर असलेल्या गाडीला त्यांनी पलीकडे ढकलले.

मूळ डब्यात आणखी एक गुण आहे, जो बाहेरून दिसत नाही. डबा उघडून पाहिल्यास कार्ब्युरेटरांच्या तोंडाशी पत्र्याला तुतारीच्या टोकासारखे गोल वळण दिलेले आढळते. हवा धारदार कडेवरून वळून भोकात शिरते तेव्हा ती कडेपासून सुटते, तिथे भोवरे होतात आणि ४६ मिलिमीटरचे तोंड जणू लहान झाल्यासारखे वागते. गोल वळणावरून ती कडेला धरून आत जाते. बाजारातल्या पुष्कळ चपट्या फिल्टरांची पाठ ही सपाट पत्र्यात पाडलेले भोक एवढीच असते. म्हणजे जाळी मोकळी आणि दार अरुंद. ज्या अभियंत्यांनी हा डबा आखला त्यांनी तो केवळ झाकण म्हणून आखलेला नव्हता, हे तो हातात घेतल्यावर कळते. मला तर त्या पत्र्याच्या वळणाविषयी आदर वाटतो.

बसवण्यातल्या चुका हा स्वतंत्र विषय आहे. एसयू पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये एक पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. या पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा मिळावी म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडावर छोटी छिद्रे असतात. फिल्टर बसवताना गॅस्केट, म्हणजे सांध्यातले पातळ पॅकिंग, उलटे लागले किंवा त्यात ती छिद्रे कापलेलीच नसली, तर पिस्टन नीट वर उठत नाही आणि गाडी चढावर गुदमरते. या गाडीत एका कार्ब्युरेटरचे गॅस्केट नेमके उलटे बसवलेले होते. म्हणजे दोन कार्ब्युरेटरांपैकी एक जवळजवळ झोपलेला होता आणि मालक मात्र वाढलेल्या आवाजाला वाढलेली ताकद समजत होता.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. इंजिनाच्या वरच्या झाकणातून एक रबरी नळी मूळ डब्यात जाते, आणि तिच्यातून फिल्टर झालेली हवा इंजिनाच्या पोटात जाऊन तिथली वाफ व धूर हलवते. डबा काढल्यावर या नळीला कुठे जोडायचे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ती तशीच लोंबकळत ठेवली होती आणि तिच्यातून रस्त्यावरची धूळ थेट इंजिन ऑइलमध्ये जात होती. ज्यांना उघडे फिल्टर लावायचेच आहेत, त्यांनी किमान या नळीच्या टोकावर छोटा फिल्टर बसवावा, एवढे तरी या पत्रातून पोचले तर बरे.

धुळीविषयी नागपूरकरांना मी काय सांगावे! सिमेंटच्या रस्त्यांची कामे, पदपथांची कापाकापी, कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख, उमरेड आणि सावनेरकडचा कोळसा. यांतले काही ना काही आपल्या खिडकीच्या गजांवर रोज साचते. या धुळीत आणि राखेत सिलिका असते, आणि ती सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असते. डोळ्यांना दिसणारे मोठे कण कोणतीही जाळी अडवते. खरी हानी करतात ते पाच ते वीस मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, कारण ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या थरात नेमके मावतात आणि सँडपेपरसारखे काम करतात. फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धत आहे. चांगला कागदी फिल्टर तिच्यात ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो. कोणताही फिल्टर विकत घेताना या चाचणीचा निकाल मागावा, आणि विक्रेता तो देऊ शकत नसेल तर फिल्टर घेऊ नये. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर मी सरसकट वाईट म्हणणार नाही, पण ते धुऊन, वाळवून, मोजून तेल लावावे लागते, आणि आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर ते कोणी करत नाही असा माझा अनुभव आहे.

याच २४०झेड मॉडेलने १९७१ आणि १९७३ साली ईस्ट आफ्रिकन सफारी ही जगातील अत्यंत खडतर मानली जाणारी रॅली जिंकली, हे झेडच्या चाहत्यांना ठाऊक असते. १९७३ चा विजय शेखर मेहता यांचा. युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे हे चालक पुढे १९७९ ते १९८२ सलग चार वर्षे तीच रॅली डॅटसनच्या गाड्यांतून जिंकले. केनियाची लाल माती आणि हजारो किलोमीटरचे कच्चे रस्ते सोसण्याची कुवत या इंजिनात होती, याचा मला अभिमान वाटतो. धंतोलीतली ती गाडी त्याच भूभागातून आली आहे. तिथल्या धुळीतून जे इंजिन शाबूत आले, ते आपल्या घरी येऊन केवळ आवाजाच्या हौसेपायी झिजावे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

पेट्रोलचाही विचार आता टाळता येत नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. १९७३ च्या गाडीत हे प्रमाण स्वतः ओळखणारा कोणताही सेन्सर नाही. म्हणजे सुई आणि जेट (पेट्रोल सोडणारे भोक) जुन्या मापाचे ठेवले तर मिश्रण आधीच लीन होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि वर हवेची वाट मोकळी केली तर ते आणखी लीन होऊ शकते. लीन मिश्रणावर, ४५ अंशांच्या उन्हात, ओझे घेऊन चढ चढताना नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक, सुरू होते आणि पिस्टनला इजा पोचते. हिताचीच्या कार्ब्युरेटरखाली जेटची फिरकी असते. ती वरपर्यंत घट्ट करून अडीच फेरे खाली सोडावी, हे कारखान्याचे मूळ प्रमाण. आजच्या पेट्रोलवर त्यापेक्षा थोडी अधिक सोडावी लागते, आणि किती ते स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवावे. हवेच्या वाटेला हात लावला की हे काम पुन्हा करावे लागते. उघडे फिल्टर बसवून गाडी तशीच परत देणारा मिस्त्री अर्धेच काम करतो.

इतके सांगितल्यावर वाचक विचारतील की मग हवेच्या वाटेत काही सुधारणाच करू नये का? अवश्य करावी. माझ्या मते तिचा क्रम असा असावा, की आधी मूळ डबा शोधून दुरुस्त करावा आणि त्यात नवा कागदी फिल्टर घालावा. मग कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टच्या मध्ये ॲल्युमिनियमचे उष्णतारोधक पत्रे बसवावे. त्यानंतर डब्याच्या नळकांड्याला तीन इंचांची नळी जोडून तिचे तोंड रेडिएटरच्या बाजूला, पुढच्या थंड हवेत न्यावे. यात मूळ गाडीचा एकही पत्रा कापावा लागत नाही आणि उद्या सगळे काढून गाडी होती तशी करता येते. ज्यांनी कॅम बदलला आहे, तीन वेबर किंवा मिकुनी कार्ब्युरेटर चढवले आहेत आणि इंजिन शर्यतीसाठी बांधले आहे, त्यांना मूळ डबा अपुरा पडतो हे मान्य. पण त्यांनाही मोठा डबा आणि थंड हवेची नळी हवी, बॉनेटखाली उघडी तोंडे नव्हेत. याच मालिकेतल्या १९७५ पासूनच्या २८०झेडमध्ये कार्ब्युरेटर नसून बॉशच्या पद्धतीचे फ्युएल इंजेक्शन आहे. तिच्यात हवा मोजणाऱ्या झडपेनंतर कुठेही गळती राहिली, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि गाडी लीन चालते. तिथे अधिकच काळजी घ्यावी.

थंड हवेच्या नळीबाबत एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. तयार मिळणाऱ्या काही संचांत फिल्टर बंपरच्या मागे, अगदी खाली नेलेला असतो, कारण तिथे हवा सर्वांत थंड असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा रस्त्यावर किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. पाणी दाबले जात नाही. चालत्या इंजिनाने घोटभर पाणी ओढले, तरी वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा रॉड शोधायला नंतर जग पालथे घालावे लागते. म्हणून नळीचे तोंड हेडलाइटच्या उंचीच्या खाली नेऊ नये.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिची अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. फिल्टर बदलणे म्हणजे इंजिनात फेरफार असे कोणी म्हणणार नाही, पण थंड हवेसाठी रेडिएटरच्या शेजारचा पत्रा कापणे ही वेगळी गोष्ट आहे. आज १९७३ ची झेड या नोंदणीला वयाने पात्र ठरते. काही इंचांच्या भोकासाठी ती पात्रता धोक्यात का घालावी?

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढे या विषयावर आपण लिहाल तेव्हा ताकद वाढल्याचा दावा छापण्यापूर्वी तो कोणत्या तापमानाला, कसा मोजला हे लेखकाला विचारावे आणि तेही छापावे. दुसरी विनंती आपल्यामार्फत नागपुरातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांना. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात. एक जुने कार्ब्युरेटरचे इंजिन, एक पाण्याची नळी, दोन तापमापक आणि मे महिन्याची दुपार एवढ्या सामग्रीवर डबा आणि उघडा फिल्टर यांची तुलना करणारा उत्तम प्रकल्प होईल. तो मराठीत प्रसिद्ध झाला, तर विदर्भातल्या प्रत्येक गॅरेजला उपयोगी पडेल.

त्या २४०झेडचा मूळ डबा वर्कशॉपच्या भंगारात, सुदैवाने फारसा न चेपता, सापडला. पत्र्याचे काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराने तो हातोडीने सरळ करून दिला. गॅस्केटची छिद्रे मी स्वतः कापली, लोंबकळणारी नळी पुन्हा डब्याला जोडली आणि उष्णतारोधक पत्रा त्या मुलाने स्वतः कापून बसवला. पुढच्या थंड हवेची नळी या आठवड्यात लागेल. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होईल, तेव्हा सीताबर्डीची तीच दहा मिनिटे, त्याच वेळेला, त्याच तापमापकाने आम्ही पुन्हा मोजणार आहोत. येतील ते आकडे, आमच्या अपेक्षेविरुद्ध आले तरी, आपल्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक, नागपूर
(नाव व पत्ता कार्यालयास कळवला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)